मालिकेतला बालकलाकार मोठा झाला, आता आवाजाच्या कामात यायचंय: जमेल का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा १९ वर्षांचा आहे. ८ ते १३ या वयात तो एका मराठी डेली सोपमध्ये होता, रस्त्यात लोक थांबवून फोटो काढायचे, मग आवाज फुटला, उंची वाढली, मालिकेने लीप घेतला, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे गेली, आणि त्याच्या जागी मोठा नट आला. त्यानंतर ऑडिशन्स भरपूर, काम नाही. आता कोणीतरी म्हणालं तुझा आवाज छान आहे, डबिंगमध्ये जा. बाबा म्हणतायत की पडद्यावरून पडद्यामागे जाणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं, त्यापेक्षा गपचूप डिग्री पूर्ण कर. म्हणून त्याने विचारलंय की हे खरंच करिअर आहे का, बालकलाकार असल्याचा इथे काही फायदा होतो का, आणि सुरुवात कशी करायची.

मी डबिंग डायरेक्टर आहे, त्याआधी बरीच वर्षं स्वतः माइकसमोर उभी राहिलेय, हिंदी आणि मराठी दोन्हीत. तू ताई म्हणून लिहिलंयस म्हणून अरे-तुरेच करते.

जमेल. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. बालकलाकार म्हणून तू जे कमावलंस त्यातला चेहरा आणि ओळख इथे काही कामाची नाही, पण तुझा कान खूप कामाचा आहे. आणि तुला जी एक सवय लागलीये, दुसऱ्याने म्हणून दाखवलेलं वाक्य तसंच्या तसं परत म्हणायची, ती तुला सुरुवातीला कामं मिळवून देईल आणि दोन-तीन वर्षांनी तीच तुझी वाट अडवेल. मी हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत बघितलंय, म्हणून इतक्या ठामपणे बोलतेय.

बाबांच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण घरात तो मिटला नाही तर तुझं मन कामात लागणार नाही. हे खाली उतरणं आहे का, तर त्यासाठी मी नेहमी विल फ्रीडलचं उदाहरण देते. अमेरिकन नट, जन्म १९७६ चा. निकलोडियनच्या 'डोन्ट जस्ट सिट देअर' या मुलांच्या शोमध्ये तो अगदी कोवळ्या वयात होता, आणि मग १९९३ ते २००० अशी सात वर्षं एबीसी चॅनलवरच्या 'बॉय मीट्स वर्ल्ड'मध्ये हिरोच्या मोठ्या भावाचा, एरिकचा रोल. आधी नॉर्मल मोठा भाऊ होता, पण पोराचं कॉमेडीचं टायमिंग बघून लेखकांनी तो हळूहळू इतका वेडपट करत नेला की शेवटच्या सीझन्समध्ये एरिक आला की हसायचंच. आता असा मुलगा सिरीयल संपल्यावर कुठे जाणार? मालिकेतल्या पोरांचं जे होतं तेच, जिथे जाल तिथे लोक म्हणणार अरे हा तोच.

पण गंमत अशी की आवाजाचं काम त्याला सिरीयल बंद पडल्यावर मिळालेलं नाही, सिरीयल चालू असतानाच मिळालं. जानेवारी १९९९ मध्ये 'बॅटमॅन बियाँड' सुरू झालं, त्यात म्हातारा झालेला ब्रूस वेन एका शाळकरी पोराला, टेरी मॅकगिनिसला, नवा बॅटमॅन बनवतो, आणि तो टेरी म्हणजे फ्रीडल. म्हाताऱ्या ब्रूसचा आवाज केविन कॉनरॉयचा, जो १९९२ पासून ॲनिमेशनमधला बॅटमॅन होता. आणि व्हॉइस डायरेक्टर अँड्रिया रोमानो, जिचं नाव आमच्या धंद्यातल्या कोणीही आदरानेच घ्यावं, कारण ती शक्य असेल तेव्हा सगळ्या नटांना एकाच वेळी स्टुडिओत बसवून, एकमेकांचं ऐकत रेकॉर्ड करायची. म्हणजे विशीतला हा पोरगा कॉनरॉयसारख्या माणसाच्या बाजूला उभा राहून शिकत होता. आणि टेरी हा एरिकच्या अगदी उलटा आहे बघ, चिडका, जखमी, बापाचा खून झालेला, आणि मुखवटा चढवला की आवाज खाली घेऊन बोलणारा. त्याचा चेहरा बघून कोणत्याही कास्टिंगवाल्याने त्याला हा रोल दिला नसता, कारण त्याच वेळी टीव्हीवर तो चेहरा वेड्यासारखा नाचत होता.

मग २००२ ते २००७ डिस्नेच्या 'किम पॉसिबल'मध्ये रॉन स्टॉपेबल. हा पुन्हा विनोदी, घाबरट, ओरडणारा, पण मनाने सोन्यासारखा. रॉनच्या खिशातला तो बिनकेसांचा उंदरासारखा प्राणी रूफस आहे ना, त्याचा आवाज नॅन्सी कार्टराइटचा, म्हणजे जी 'द सिम्पसन्स'मधल्या बार्ट या शाळकरी पोराचा आवाज देते तीच. २०११ मध्ये 'थंडरकॅट्स' ही ॲनिमेटेड मालिका नव्याने आली त्यात फ्रीडल तिचा हिरो लायन-ओ झाला, आणि १९८५ च्या जुन्या मालिकेत ज्याने लायन-ओचा आवाज दिला होता त्या लॅरी केनीला नव्यात लायन-ओच्या वडिलांचा आवाज दिला गेला. हे मला फार आवडतं. आवाजाच्या दुनियेत जुन्या माणसाला घरी पाठवत नाहीत, बापाच्या खुर्चीत बसवतात. २०१५ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या मालिकेत बम्बलबी आणि त्याच वर्षी गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीच्या ॲनिमेटेड मालिकेत स्टार-लॉर्ड. म्हणजे १९९९ पासून माणूस सलग काम करतोय, आणि एक रोल दुसऱ्यासारखा नाही.

यात अजून एक भाग आहे आणि तो तुझ्यासाठी आहे. फ्रीडलने स्वतः जाहीरपणे सांगितलंय की विशीत त्याला अँग्झायटीचा, पॅनिक अटॅक्सचा भयंकर त्रास सुरू झाला आणि कॅमेऱ्यासमोरचं काम त्याला झेपेना. रेकॉर्डिंग बूथमध्ये मात्र तो काम करू शकत होता. तू तुझ्या प्रश्नात एका ओळीत लिहिलंयस की हल्ली ऑडिशनला गेलं की हात थरथरतात, आणि मग पुढे दुसऱ्याच विषयावर गेलास. मी ती ओळ वाचलीये. लहानपणी ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं त्याला सतराव्या वर्षी रांगेत उभं करून कोणी नावही विचारत नाही, याचा त्रास होणारच, आणि हा त्रास डॉक्टरला किंवा समुपदेशकाला सांगण्यासारखा आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बूथमुळे फ्रीडलला काम करत राहता आलं एवढंच मी म्हणेन, बूथ हा इलाज नाही. आणि दार कायमचं बंदही होत नाही, कारण २०१४ मध्ये जुन्या मालिकेचा पुढचा भाग, 'गर्ल मीट्स वर्ल्ड' सुरू झाला, त्यात पुढे तो एरिक म्हणून परत कॅमेऱ्यासमोर आला, आणि २०२२ पासून जुन्या सहकाऱ्यांबरोबर 'पॉड मीट्स वर्ल्ड' हा पॉडकास्ट करतोय ज्यात बालकलाकार असण्याच्या चांगल्या-वाईट सगळ्याच बाजू ते उघडपणे बोलतात. जमलं तर ऐक.

'बॉय मीट्स वर्ल्ड'मध्येच सुरुवातीला एरिकचा मित्र झालेला जेसन मार्सडेन, तोही बालकलाकार, तोही आवाजात गेला. १९९३ च्या 'होकस पोकस' सिनेमात मांजर झालेल्या मुलाचा, बिंक्सचा, चेहरा शॉन मरी या नटाचा आहे आणि आवाज पूर्ण मार्सडेनचा. १९९५ च्या डिस्नेच्या ॲनिमेशनपटात गूफीचा मुलगा मॅक्स तोच, आणि जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' या ॲनिमेशनपटाच्या इंग्लिश डबमध्ये हाकू नावाचा मुलगाही तोच. हाकूचं काम बाबांना शांतपणे ऐकव. मूळ जपानी, चित्र आधीच पूर्ण झालेलं, ओठ जपानी शब्दांवर हलतायत, आणि त्यात इंग्लिश वाक्य बसवून वर त्या मुलाचं गूढ दुःख आणायचं. याला पायरी उतरणं कसं म्हणणार?

आपल्याकडचं बघायचं तर बाहुबलीच्या दोन्ही भागांत हिंदीत प्रभासचा आवाज शरद केळकरचा, २०२१ च्या पुष्पात हिंदी अल्लू अर्जुन म्हणजे श्रेयस तळपदे. दोघंही मराठीतले, दोघंही पडद्यावर काम करणारे नट, आणि त्या आवाजांनी त्यांचं नाव वाढलंच. बाबांना एवढं पुरेल असं वाटतं. डिग्रीचं मात्र बाबा बरोबर बोलतायत, ती पूर्ण कर, डबिंगची कामं कॉलेज सांभाळून होतात, शूटिंगसारखे बारा-बारा तास जात नाहीत.

आता तुझ्याबद्दल.

डेली सोपच्या सेटवर आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून काम कसं करून घेतात हे तुला माहितीये. सीन हातात येतो तेव्हा शाई ओली असते, मुलाला पाठ करायला वेळ नाही, मग असिस्टंट डायरेक्टर कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून वाक्य टाकतो आणि मूल ते उचलतं. 'आई, तू रडतेस का?' असं तो म्हणतो, सुरासकट, आणि तूही सुरासकट म्हणतोस. पाच वर्षं हे रोज केल्यावर तुझा कान किती तयार झाला असेल याची तुला स्वतःलाही कल्पना नसेल. डबिंगमध्ये आपण हेडफोनमध्ये मूळ आवाज ऐकतो, त्याला पायलट म्हणतात, आणि तो ऐकत ऐकत किंवा एकदा ऐकून लगेच आपल्या भाषेत तेच वाक्य त्याच लांबीत, त्याच ठिकाणी श्वास घेऊन म्हणायचं असतं. थिएटरमधून आलेल्या चांगल्या चांगल्या नटांना हे जमायला महिने लागतात, ते स्वतःच्या लयीत बोलत राहतात आणि पडद्यावरचा माणूस तोंड मिटून बसलेला असतो. तुझ्यासारखी मुलं पहिल्याच दिवशी सिंकमध्ये बसतात, म्हणजे त्यांचे शब्द पडद्यावरच्या ओठांशी जुळतात. त्यामुळे कोऑर्डिनेटर खूश, रेकॉर्डिस्ट खूश, वेळ वाचतो, स्टुडिओ तासावर असतो, त्यामुळे परत बोलावणं येतं.

आणि इथेच अडचण सुरू होते. कारण तू पायलटची नक्कल करतोयस. मूळ नट जसा हेलकावा देतो तसा तू देतोस, पण तो हेलकावा इंग्लिशचा किंवा तमिळचा किंवा कोरियनचा आहे, मराठीत माणूस तसा बोलत नाही. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण 'डब केल्यासारखं वाटतंय' असं तो म्हणतो. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, नकारही बहुतेक वेळा शेवटी येतो. 'मी तुला कधीच माफ करणार नाही.' पडद्यावरच्या बाईचा संताप मात्र वाक्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या शब्दावरच फुटलाय, तिथे तिची मान झटकते, आणि तुझा 'नाही' अजून अर्धा सेकंद लांब आहे. मग काय करायचं? चांगला नट तिथल्या तिथे 'कधीच नाही माफ करणार तुला' असं फिरवून बघतो, किंवा शब्द तेच ठेवून जोर 'कधीच'वर आणतो आणि 'नाही' विझत नेतो. हे तुला कोणी वाक्य टाकून सांगणार नाही. हे तुला ठरवावं लागेल. आणि सेटवर लहानपणी तुला कधीच काही ठरवावं लागलं नाही, कारण तुझ्या वतीने ठरवणारी वीस माणसं तिथे उभी होती. म्हणून मी म्हणते की बालकलाकाराला माइकसमोर सगळ्यात अवघड जातं ते स्वतःचं मत असणं. या माणसाला आत्ता काय हवंय, तो खोटं बोलतोय का, समोरच्याला घाबरतोय का, याचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर तू पोपटासारखा अचूक बोलशील आणि लोक तुला छोटे रोल देत राहतील.

यावर माझा उपाय साधा आहे, आणि मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना तोच देते. एखादा सीन घे, कुठलाही, आवाज बंद करून बघ. डोळे, खांदे, हात बघ. या माणसाच्या मनात काय चाललंय ते तुझ्या शब्दांत कागदावर लिही. मग आवाज लावून बघ. मग पुन्हा आवाज बंद करून तू बोल. रोज. चार-सहा महिन्यांत फरक तुझा तुलाच ऐकू येईल.

डेली सोपची दुसरी सवय म्हणजे थांबणं. तिथे वाक्य झालं की रिॲक्शन शॉट येणार हे माहीत असतं, म्युझिक वाजणार, चेहरे फिरणार, त्यामुळे नट शेवटचा शब्द ताणतो आणि हवेत सोडून देतो. डबिंगमध्ये ती जागा नसते. वाक्य कापल्यासारखं संपायला हवं, कारण पुढच्या शॉटवर दुसऱ्याचं तोंड उघडतंय. आणि तिसरी गोष्ट, चेहरा. कॅमेऱ्यासमोर अर्धं काम चेहरा करून टाकतो म्हणून आवाज आळशी होतो. माइकला तुझे भरलेले डोळे दिसत नाहीत. तरीपण चेहरा वापरायचाच, हसू आवाजात यायचं असेल तर ओठ खरंच हसले पाहिजेत, पळण्याचा सीन असेल तर जागच्या जागी धाप लागेपर्यंत शरीर हललं पाहिजे, फक्त चपलेचा आणि शर्टाचा आवाज येता कामा नये. म्हणून डबिंगला जाताना सुळसुळणारे कपडे, कडी, बांगड्या, खिशात किल्ल्या नको. उपाशीपोटीही जाऊ नकोस, पोटातली गुरगुर इतकी स्वच्छ रेकॉर्ड होते की ऐकून थक्क होशील.

आवाज फुटल्याचं तू लिहिलंस ते महत्त्वाचं आहे. मुलांमध्ये साधारण १२ ते १५ या वयात स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलण्याची पट्टी जवळजवळ एक सप्तक खाली येते. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडा. या काळात आवाज मधेच फाटतो, चिरकतो, त्याला जोर लावून लहान मुलासारखं बोलायला लावणं हा अत्याचार आहे असं माझं स्पष्ट मत आहे, मी माझ्या सेशनला असं करू देत नाही. याच कारणाने जगभर ॲनिमेशनमधले कायम लहान राहणारे मुलगे बहुतेक वेळा मोठ्या बायका बोलतात. बार्टचं सांगितलंच. 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा जपानी आवाज १९८६ पासून मासाको नोझावा देतायत आणि त्यांचा जन्म १९३६ चा आहे. आपल्याकडे छोटा भीम आणि हिंदी डोरेमॉन म्हटलं की सोनल कौशल, जिने स्वतः लहानपणीच माइकसमोर सुरुवात केली होती. म्हणजे तुझी मालिकेतली जी जागा गेली ती आवाजातही परत मिळणार नाही, 'लहान मुलाचे रोल करतो' असं डोक्यात असेल तर काढून टाक. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' २००५ ते २००८ चाललं, त्यात आंगचा आवाज झॅक टायलर आयसेन या खऱ्या शाळकरी मुलाचा होता, तो पुढे अभिनयातून बाजूला झाला. त्याच मालिकेतली कटारा म्हणजे मे व्हिटमन, तीही लहानपणापासून काम करणारी, ती आजही दोन्हीकडे काम करते. दोन्ही वाटा ठीक आहेत. बाजूला होणं हे हरणं नसतं हे मला तुला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण लहानपणी कोणी तुला विचारून या क्षेत्रात आणलं नव्हतं.

१९ व्या वर्षी तुझा आवाज बऱ्यापैकी स्थिर झाला असेल, तरी तो पंचविशीपर्यंत अजून भरत जातो. आत्ता तुझ्या वयाचे रोल सगळ्यात जास्त आहेत, कॉलेजमधली मुलं, हिरोचे मित्र, ॲनिमेमधले पोरगे. भारदस्त आवाज काढायच्या नादात घसा दाबून बोलू नकोस. ट्रेलरसारखा आवाज काढणारे पायलीला पन्नास मिळतात, खरं बोलणारे मिळत नाहीत. राक्षस, किंचाळ्या, मारामारीचे एफर्ट्स, म्हणजे धापा, कण्हणं, ओरडणं, असलं काम सेशनच्या शेवटी ठेवायला सांग, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त घसा बसलेला राहिला तर कानानाकाघशाच्या डॉक्टरकडे जा, ज्येष्ठमध चघळत बसू नकोस.

भाषेचं बोलते, कारण मराठी मुलं इथे मागे पडतात आणि पडायचं काही कारण नाही. मराठीत डबिंग वाढलंय, पण रोजचं पोट भरेल इतकं काम अजून हिंदीतच आहे. आपली हिंदी लगेच ओळखू येते. 'है' आपण 'हय' म्हणतो, 'और'चं 'अउर' होतं, नुक्त्याचा ज़ आणि फ़ आपल्या कानाला वेगळे लागतच नाहीत. यावर वर्षभर काम करावं लागतं, उर्दू शायरी मोठ्याने वाच, चांगल्या हिंदी बातम्या ऐकून म्हणून बघ. आणि मराठीतही नुसती मालिकेतली पुणेरी मराठी पुरत नाही. कोल्हापूरचा, विदर्भातला, मालवणातला माणूस बोलायला लागतो, आणि तो टिंगल वाटता कामा नये. तुमचं गाव कुठलंही असेल, आजी-आजोबा जसं बोलतात ते रेकॉर्ड करून ठेव.

सुरुवात. अंधेरी, ओशिवरा, वर्सोवा, गोरेगाव या पट्ट्यात बहुतेक स्टुडिओ आहेत आणि नवीन माणूस आत शिरतो तो क्राउडमधून. बाजार, दंगल, शाळेचा वर्ग, मागे कुजबुजणारी माणसं. पाच-सहा जण एकत्र उभे करतात आणि बोलायला लावतात. बालकलाकार म्हणून लोक ओळखत होते त्या मुलाला इथे जड जातं, पण क्राउडमध्येच डायरेक्टरच्या लक्षात येतं की कोणाला दिलेलं नसतानाही वाक्य सुचतंय. मी तिथूनच माणसं उचलते. मग एक-दोन वाक्यांचे रोल, मग एखाद्या भागापुरतं पात्र, आणि मग कधीतरी सीझनभराचं. हे व्हायला काही वर्षं लागतात. नव्या माणसाला पैसे बेताचे, तेही बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी. याच्यावर लगेच घर चालेल असं धरू नकोस.

डेमो, म्हणजे काम मागताना पाठवायचा आवाजाचा नमुना, एक-दीड मिनिटाचा कर. त्यात शाहरुख, अमिताभची नक्कल नको, प्रत्येकाच्या डेमोत तीच असते. तुझ्या स्वतःच्या बोलण्याच्या आवाजात एक तुकडा, एक विनोदी, एक हळवा, एक निवेदन, मराठी आणि हिंदी वेगवेगळ्या फाइल्स. घरी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केलंस तरी चालेल, लॉकडाउनमध्ये मोठमोठ्या लोकांनी तसंच काम केलं, फक्त फॅन बंद आणि खोलीत घुमता कामा नये. मालिकेची क्लिप डेमोत लावू नकोस. आणि जो क्लास 'कोर्स करा, काम नक्की' असं सांगून मोठी फी मागतो तिथून परत फिर. शिकवणारे चांगले लोक आहेत, ते कामाची हमी देत नाहीत.

डबिंगच्या जोडीला ऑडिओबुक्स नक्की कर. स्टोरीटेल हे ऑडिओबुक्सचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं वाचणाऱ्यांना खरंच काम मिळायला लागलंय, आणि तुझ्या बाबतीत तर ते औषधासारखं आहे, कारण तिथे पायलटच नसतो. हेडफोनमध्ये कोणी वाक्य टाकत नाही. तीनशे पानं, सगळी पात्रं, सगळे पॉझ तुझे. आकाशवाणीवर नाटकांसाठी ऑडिशन असते, तीही दे. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, करून आलेली माणसं मला लांबून ओळखू येतात.

पैशाचं एक विचारते. १४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, ३ तासांच्या वर सलग नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स्ड डिपॉझिटमध्ये थेट जमा. तुझी मालिकेतली शेवटची वर्षं यात बसतात. घरी शांतपणे विचार की ते डिपॉझिट कुठे आहे, १८ पूर्ण झाल्यावर ते तुझं आहे. कॅलिफोर्नियात असा कायदा १९३९ पासून आहे, चॅप्लिनबरोबर लहानपणी काम केलेल्या जॅकी कूगनची सगळी कमाई घरच्यांनीच संपवली त्यावरून तो झाला, तिथे १५ टक्के बाजूला ठेवतात. ते पैसे असतील तर या सुरुवातीच्या वर्षांसाठीच वापर, महागडा माइक घेऊ नकोस.

आणि कागद. पूर्वी डबिंगमध्ये व्हाउचरवर सही केली की संपलं. आता त्या कागदावर बारीक अक्षरात असं लिहून येतं की तुमचा आवाज 'कोणत्याही तंत्रज्ञानासाठी, कायमस्वरूपी' वापरता येईल. म्हणजे तुझ्या आवाजावर एआय शिकवून पुढचे सीझन तुझ्याशिवाय करता येतील. २०२४ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचे आवाज देणारे कलाकार याच मुद्द्यावर संपावर गेले, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला की त्याच्या परवानगीशिवाय त्याचा आवाज एआयने बनवून वापरता येणार नाही. नवीन माणूस काम जाईल या भीतीने न वाचता सही करतो. तू असं करू नकोस. व्हॉइस आर्टिस्ट्सची असोसिएशन आहे, आवा म्हणतात, तिथे कागद दाखवता येतो, कोणाला तरी सिनियरला दाखवता येतो. त्या ओळीवर काट मारून 'फक्त या प्रोजेक्टसाठी, फक्त या भाषेत' असं पेनाने लिही, बाजूला इनिशियल्स कर, फोटो काढून ठेव आणि मग आत जा. बऱ्याच ठिकाणी कोणी काही बोलत नाही, आणि जिथे बोलतात तिथे मला किंवा दुसऱ्या एखाद्या डायरेक्टरला बाहेर बोलावून घे, आम्ही बोलू.